सी ड्राइव्ह लाल झालाय, जागा नेमकी खाल्ली कुणी?

सेतूवाला (सेलू, जि. परभणी)

मंडळी, नमस्कार. सेलूत माझं छोटं सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखले, पीकविमा, सगळं एकाच डेस्कटॉपवर चालतं. विंडोज ११, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. बसवणाऱ्यानं दोन भाग करून दिलेत, सी १०० जीबी आणि उरलेला डी. आता सी लाल दाखवायलंय, ९०० एमबी शिल्लक. प्रिंट सोडली की अडकायलीय, ब्राउझर मधेच बंद पडायलाय. रीसायकल बिन रिकामा केला, टेम्प फाइल्स उडवल्या. थोडी जागा झाली आणि चार-आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. दुकानातलं पोरगं म्हणतंय, फॉरमॅट मारा. पीकविम्याची गर्दी चालू आहे, मशीन दिवसभर बंद ठेवलं तर लोक शिव्या घालतील. डी मात्र जवळजवळ रिकामा. आणि २५६ चे पैसे देऊन दोन्ही मिळून २३८ च दिसायलेत, ही भानगड काय?

ज्वारीबाजरी (जालना)

फॉरमॅट सुचवणाऱ्या पोराला आधी प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर शोधून आणायला सांगा. तिथंच उत्साह मावळतो. बाकी जाणकार येईपर्यंत मी बसलो खुर्ची टाकून.

बालाघाटी (अंबाजोगाई)

२३८ चा हिशोब आधी मिटवू, म्हणजे बसवणाऱ्यावरचा संशय जाईल. ड्राइव्ह बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. २५६ अब्जाला या आकड्यानं भागा, २३८ च येतात. ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात ते याचमुळं. कुणी चोरलेलं नाही.

आता मुद्द्याचं. काहीही डिलीट करण्याआधी जागा कुठं गेलीय ते बघा. टेम्प उडवून पुन्हा भरतंय याचा अर्थ टेम्प हा खरा गुन्हेगारच नाही, तो तुम्हाला हाताशी सापडला एवढंच. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात स्टोरेज उघडा. तिथं ढोबळ चित्र दिसतं. पण त्यात 'अदर' आणि 'सिस्टम अँड रिझर्व्ह्ड' असली मोघम खाती असतात आणि घोळ नेमका तिथंच दडलेला असतो. म्हणून विनडरस्टॅट टाका. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, दुकानात वापरायलाही अडचण नाही. विझट्री त्याहून चपळ आहे, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) ड्राइव्हची फाइलसूचीच थेट वाचतं म्हणून क्षणात निकाल देतं. पण ते घरगुती वापरापुरतंच फुकट आहे, धंद्यासाठी परवाना लागतो. तुमचं दुकान आहे, तेव्हा पहिलंच बरं.

स्कॅन झाला की मोठ्यातले मोठे फोल्डर आकड्यांसकट इथं टाका. डिलीटला हात लावू नका तोवर.

सेतूवाला

घ्या आकडे. सगळे जीबीत.
विंडोज फोल्डर २६, प्रोग्रॅम फाइल्स दोन्ही मिळून ९, यूजर्स ४४. यूजर्सच्या आत डाउनलोड्स १९, व्हॉट्सअ‍ॅपचं १०, बाकी अ‍ॅपडेटा ८, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ७. शिवाय पेजफाइल म्हणून एक ५ ची आणि हायबरफिल नावाची ३.२ ची फाइल दिसायलीय. ही शेवटची उडवू का? नाव तर व्हायरससारखं वाटायलंय.

बालाघाटी

थांबा, उडवू नका, व्हायरस नाही तो. आधी बेरीज करा. २६, ९, ४४, ५ आणि ३.२ म्हणजे ८७ च्या वर थोडं. तुमचे भरलेत ९९. मधले १२ जीबी कुठं आहेत? विनडरस्टॅट तुम्ही साधं डबल क्लिक करून उघडलं असणार. त्याच्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नं उघडा. काही फोल्डर असे असतात की परवानगीशिवाय त्यांच्या आत डोकावताच येत नाही आणि त्यांची जागा शून्य धरली जाते.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

अ‍ॅडमिननं बघेपर्यंत एक सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. विंडोज फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं धूड दिसेल. त्याला हातानं डिलीट करू नका, मशीन उठणार नाही. आणि त्याचा दिसणारा आकडा खराही नसतो. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक असतात, म्हणजे डिस्कवर फाइल एकच पण दोन ठिकाणी नोंद. एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. साफच करायचं असेल तर सेटिंग्जमधल्या 'टेम्पररी फाइल्स' मध्ये 'विंडोज अपडेट क्लीनअप' वर खूण करा. ते काम विंडोजलाच करू द्यावं.

त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही एक नाव असतं. लोक सगळ्या चौकटींवर खुणा करत खाली जातात आणि डाउनलोड्स फोल्डर साफ. तुमच्याकडं तिथं गिऱ्हाइकांचे कागद असतील, तेव्हा तेवढी खूण काढूनच बटण दाबा.

आणि यूट्यूबवर बघून 'एका क्लिकमध्ये पीसी स्वच्छ' वालं काही उतरवू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा मिळत नाही, अख्खी रजिस्ट्रीच काहीशे एमबीची असते. २०१७ मध्ये तर सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या प्रोग्रॅमच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते अधिकृत डाउनलोडमधूनच लाखो मशीनवर गेलं. जे काम विंडोज स्वतः करतं त्यासाठी अनोळखी माणसाला किल्ल्या कशाला द्यायच्या?

सेतूवाला

बालाघाटी दादा, सापडलं! अ‍ॅडमिननं उघडल्यावर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचा फोल्डर ९ जीबीचा निघाला. एसपीएल नावाच्या ढीगभर फाइल्स आहेत. दुसरं 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन', पावणेतीन जीबी. हे स्पूल काय प्रकरण आहे?

बालाघाटी

वा! झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर हे निघावं यात नवल नाही. प्रिंट दिली की विंडोज आधी ते काम डिस्कवर लिहितं आणि तिथून प्रिंटरला पुरवतं. त्याच या फाइल्स. पीडीएफ दोन एमबीची असली तरी रंगीत फोटो, दाट छपाई असेल तर स्पूलची फाइल शेकडो एमबीची होऊ शकते. छापून झालं की ती आपोआप जायला पाहिजे. तुमच्याकडं जात नाही.

कारण दोनपैकी एक. एकतर अडकलेली कामं रांगेत पडून आहेत. नाहीतर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' ला कुणीतरी खूण करून ठेवलीय. ती असली की छापलेला प्रत्येक कागद मशीन जपून ठेवतं. तीच प्रत पुन्हा काढायला सोपं पडतं म्हणून काही ऑपरेटर मुद्दाम लावतात. टेम्प साफ केल्यानं या फोल्डरला धक्काही लागत नाही, म्हणून तुमची जागा परत परत भरत होती.

आधी ती खूण काढा. मग सर्व्हिसेस उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा, प्रिंटर्स फोल्डरच्या आतल्या फाइल्स डिलीट करा (फोल्डर नाही, फक्त आतलं), आणि स्पूलर पुन्हा चालू करा. थांबवल्याशिवाय फाइल्स हलत नाहीत, 'वापरात आहे' म्हणतात. जमलं तर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' च्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन स्पूल फोल्डरचा पत्ताच डी वर द्या. म्हणजे उद्या पुन्हा अडकलं तरी सी ला त्रास नाही.

'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' मध्ये रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी, असतात. ते राहू द्या. एखादा ड्रायव्हर बिघडला तर तेवढाच आधार. फार वाढलं तर सिस्टम प्रोटेक्शनमध्ये त्याची कमाल मर्यादा ठरवता येते.

सेतूवाला

खूण होतीच! आधीच्या ऑपरेटरनं लावली असणार, आता तो पुण्याला गेला. स्पूल साफ केला, ९ जीबी मोकळे. आत गेल्या वर्षीचे दाखले, लग्नपत्रिका, कुणाचं काय काय होतं. आता हायबरफिलचं सांगा.

बालाघाटी

ती हायबरनेशनची, म्हणजे मशीन बंद होताना रॅममधलं उघडलेलं काम डिस्कवर जपून ठेवायच्या सोयीची फाइल. रॅमच्या साधारण ४० टक्के जागा घेते, ८ जीबीला ३.२, बरोबर बसतं. हातानं डिलीट होत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिननं उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश एच, पुन्हा जागा सोडून ऑफ (सगळं अर्थातच इंग्रजी अक्षरांत) दिलं की फाइल जाते. डेस्कटॉपला एसएसडी आहे, मी तर खुशाल बंद करा म्हणेन.

गोदाकाठ (नांदेड)

इथं माझं थोडं वेगळं मत. हायबरनेशन बंद केलं की 'फास्ट स्टार्टअप' (शटडाउननंतर मशीन लवकर उठायची सोय) ही जातं. आपल्याकडं लाइट जाते किती वेळा! मशीन दर वेळी सुरुवातीपासून उठणार.

बालाघाटी

मॅडम, लाइट अचानक गेली तर हायबरनेशन उपयोगाचं नाही. मशीन बंद होण्याआधी रॅममधलं डिस्कवर लिहायला सवड लागते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ती मिळतच नाही. फास्ट स्टार्टअप चालतं ते नीट शटडाउन केल्यावर, आणि एसएसडीवर त्यानं वाचणारा वेळ फार नाही. लॅपटॉपचं वेगळं. बॅटरी संपत आली की तो हायबरनेट होऊन उघडलेलं काम वाचवतो, तिथं मी कधीच बंद करणार नाही. आणि ज्यांना फास्ट स्टार्टअप हवंच आहे त्यांना त्याच कमांडनं 'रिड्यूस्ड' प्रकार लावता येतो, फाइल निम्मी होते.

पेजफाइलला मात्र कुणीच हात लावू नका, रॅम कमी पडली की विंडोज तीच वापरतं. ८ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडणारे आपण, तिचाच टेकू आहे.

गोदाकाठ

यूपीएसचं पटलं.

सेतूवाले भाऊ, तुमचे १९ जीबीचे डाउनलोड्स मला जास्त खटकले. जागेसाठी नाही. त्यात काय असणार? लोकांचे आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सातबारा, सह्यांचे फोटो. काम झाल्यावर ते तुमच्या मशीनवर कशाला? पेन ड्राइव्ह लावून कुणीही कॉपी करून नेईल. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती ठेवू नये हेच त्याचं सूत्र आहे. मी महाविद्यालयात प्रवेशाचं काम बघते. आमच्याकडंही प्रवेश पक्का झाला की स्कॅन काढून टाकायचे असं ठरवायला फार वाद घालावा लागला, कारण प्रत्येकाला वाटतं 'असू द्या, लागेल कधीतरी'.

सेतूवाला

मॅडम, खरं सांगू का, गिऱ्हाइकच म्हणतं 'ठेवा तुमच्याकडं, परत कागद आणायला लागत नाही'. त्याच माणसाचे तेच कागद सात-आठदा आहेत. नावापुढं कंसात १, २, ३ असे आकडे लागून.

गोदाकाठ

मग ज्याला ठेवायचे आहेत त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये डिजिलॉकर लावून द्या. दहा मिनिटांचं काम. कागद त्याचे, जपणारा तोच. तुमच्या डाउनलोड्समधले जुने बिनधास्त काढा. एसएसडीवरून डिलीट करून रीसायकल बिन रिकामा केला की ट्रिम नावाची सोय तो भाग मोकळा जाहीर करते आणि नंतर फाइल परत मिळणं जवळजवळ अशक्य. गुप्ततेसाठी ते चांगलंच. पण म्हणून डिलीटच्या आधी एकदा नीट बघा, जुन्या हार्ड डिस्कसारखं रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका.

हिमरू

स्कॅनरचं सेटिंगही बघा. ए४ कागद ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे न दाबलेली प्रतिमा २६ एमबी. ६०० डीपीआयला चौपट, शंभराच्या वर. बीएमपी किंवा साध्या टिफमध्ये सेव्ह होत असेल तर एवढंच ओझं डिस्कवर. आणि करता काय त्याचं? पोर्टल केबीतली फाइल मागतं म्हणून पुन्हा लहान करता! २०० डीपीआय, जेपीईजी, रंग लागत नसेल तिथं ग्रे. अक्षर वाचायला पुरतं.

डाउनलोड्स फोल्डर अख्खा डी वर हलवा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅब आहे, तिथं 'मूव्ह' दाबून डी वरचा एखादा फोल्डर दाखवायचा. ब्राउझरला काही सांगावं लागत नाही. मात्र थेट 'डी' असं मूळ ड्राइव्हचं नाव देऊ नका, नंतर तो निस्तरायला त्रास होतो. आत एक फोल्डर करा आणि तो द्या.

सेतूवाला

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं १० जीबी? गिऱ्हाइक सगळे कागद तिथंच पाठवतात.

हिमरू

म्हणजे तेच कागद एकदा व्हॉट्सअ‍ॅपच्या पोटात आणि एकदा डाउनलोड्समध्ये. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, हवा तोच कागद क्लिक करून घ्या. संगणकावर चॅट डिलीट केली तर ती फोनवरूनही जाते, हे ध्यानात ठेवून काय काढायचं ते ठरवा. गावच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ काढायला मात्र विचार करायची गरज नाही.

ज्वारीबाजरी

एक शंका. डी रिकामा आहे तर तिथली जागा उचलून सी ला का देत नाहीत?

बालाघाटी

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवायचा तर सी ला लागून उजवीकडं मोकळी जागा लागते. डी लहान केला तर मोकळी जागा डी च्या पलीकडं तयार होते, सी ला ती मिळत नाही. म्हणजे डी चा डेटा बाहेर काढून डी पूर्ण पुसायचा, मग सी वाढवायचा. मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग असेल तर तिथंही अडतं. भाग सरकवून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण त्या कामात मध्येच लाइट गेली तर दोन्ही भाग गमावाल. गर्दीच्या दिवसांत तर नकोच. नवीन मशीन घेणाऱ्यांनी २५६ चे दोन तुकडे पाडूच नयेत.

फोटोवाला (लातूर)

उशिरा आलो, लग्नसराईचं एडिटिंग उरकत होतो. तुमचे १९ जीबी वाचून हसू आलं. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा १ बाइट) ४के शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे चालू. आमच्या धंद्यात जागा हा रोजचाच विषय.

प्रीमिअरवर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी मीडिया कॅशे, म्हणजे प्रोग्रॅमनं वेगासाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, बघा. अ‍ॅपडेटात रोमिंग, त्यात अ‍ॅडोबी, त्यात कॉमन, तिथं 'मीडिया कॅशे फाइल्स' असतो. सी वर गुपचूप वाढत राहतो. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमधूनच साफ करता येतो, जागाही बदलता येते आणि जुन्या फाइल्स आपोआप जाव्यात असंही लावता येतं. त्यानं मूळ फुटेजला काही होत नाही, प्रोजेक्ट उघडताना पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो एवढंच. कोरलवाल्या डीटीपी मंडळींनी 'बॅकअप ऑफ' नं सुरू होणाऱ्या फाइल्स शोधाव्यात. प्रत्येक पत्रिकेची जुळी प्रत सापडेल.

लोक म्हणतात क्लाउडवर टाका. १० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबी चढवायला २२ तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. आमच्याकडं लाइन न तुटता २२ तास म्हणजे बातमीच. मी दोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवतो, एक स्टुडिओत, एक घरी. पार्टीनं अल्बम आणि व्हिडिओ ताब्यात घेऊन पावतीवर सही केली की मग एक प्रत मोकळी. 'जागा करायची म्हणून बाहेरच्या डिस्कवर हलवलं' याला बॅकअप म्हणू नका. हलवल्यावर प्रत एकच राहते आणि ती टेबलावरून पडायची वाट बघत असते.

गोदाकाठ

क्लाउडबद्दल एक जोडते. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं, गूगल १५ जीबी, आणि त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. नव्या लॅपटॉपवर वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर आपल्या ताब्यात घेतं. आमच्या एका सहकाऱ्यानं 'क्लाउडवर आहेच की' म्हणून लॅपटॉपवरून प्रश्नपत्रिकांचा फोल्डर डिलीट केला. तो क्लाउडवरूनही गेला, कारण ती दोन टोकं जोडलेलीच असतात. वनड्राइव्हच्या ऑनलाइन कचरापेटीत ३० दिवस राहतो म्हणून वाचला. फक्त मशीनवरची जागा मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं. ढगाचं चिन्ह आलं की फाइल क्लाउडवर आहे, डिस्कवर नाही. मग नेट नसताना ती उघडणार नाही, हे वर्गात शिरण्याआधी लक्षात ठेवा.

सेतूवाला

आत्ताची स्थिती: स्पूलचे ९, डाउनलोड्स डी वर हलवून त्यातलं जुनं साफ, हायबरनेशन बंद. सी वर ३३ जीबी मोकळे दाखवायलंय. प्रिंट सुसाट. स्टोरेज सेन्स, ते आपोआप साफसफाई करणारं विंडोजचं सेटिंग, चालू करू का?

हिमरू

करा. तो सी वरच काम करतो. रीसायकल बिन ३० दिवसांनी रिकामा करणं ठेवा, डाउनलोड्सचा पर्याय 'नेव्हर' वर ठेवा. गिऱ्हाइकांचे कागद आठवड्याला स्वतःच्या हातानं काढा, ते काम मशीनवर सोपवू नका. आणि १५-२० जीबी कायम मोकळे असू द्या, वर्षाकाठी येणारं विंडोजचं मोठं अपडेट जागा मागतं. त्यानंतर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर दिसला तर घाबरू नका, जुन्या आवृत्तीवर परतायची सोय म्हणून तो ठेवलेला असतो आणि साधारण १० दिवसांनी आपोआप जातो.

ज्वारीबाजरी

फोटोवाले भाऊ, तुम्ही बाहेरच्या डिस्कचं बोललात म्हणून विचारतो. मी ऑनलाइन २ टीबीचा पेन ड्राइव्ह ७०० रुपयांत मागवलाय. लावल्यावर २ टीबी दाखवतो पण. चांगला सौदा ना?

फोटोवाला

भाऊ, त्या पैशात २ टीबी येतच नाही. आत छोटी चिप असते आणि तिला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. फाइल्स कॉपी होतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की उघडत नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा लहानसा फुकट प्रोग्रॅम आहे. अख्खा ड्राइव्ह तपासायला दिवस जातील, त्यात १०० जीबीचाच आकडा द्या. तो लिहून परत वाचून बघतो. एक वेगळं लक्षात ठेवा, चांगल्या पेन ड्राइव्हवरही ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो. एक्सफॅट केला की जाते, ती काही खोट नाही.

ज्वारीबाजरी

लावून बघितला. २९ जीबीपर्यंत ठीक, पुढं सगळं 'डेटा लॉस्ट'. वापस करायलो.

फोटोवाला

टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा, नुसतं 'चालत नाही' लिहिलं तर विक्रेता 'आमच्याकडं २ टीबी दाखवतोय' म्हणून मोकळा होतो.